मुलींची स्टेम चार्टर शाळा: लेकीला घालू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत आलेलं कुटुंब, मुलगी पाचवीत. घरापासून वीस मिनिटांवर सहावी ते बारावीची, फक्त मुलींची, स्टेमवर, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितावर भर देणारी चार्टर शाळा आहे. फी नाही. आई पुण्याच्या हुजूरपागेची, म्हणजे मुलींच्याच शाळेची, त्यामुळे तिचं मन तिकडे ओढतंय. बाबांच्या मनात तीन शंका: फी नाही म्हणजे सरकारी, मग दर्जाचं काय? मुलांना प्रवेशच नाही हे इथल्या कायद्यात बसतं कसं? आणि सात वर्षं फक्त मुलींत वाढलेली मुलगी पुढे इंजिनिअरिंगच्या वर्गात बुजणार नाही का?

मी बावीस वर्षं अमेरिकेत विज्ञान शिकवते. पहिली नऊ वर्षं मुला-मुलींच्या साध्या सरकारी शाळेत गेली, त्यानंतरची तेरा तुम्ही म्हणता तशाच एका मुलींच्या चार्टर शाळेत. माझं उत्तर आधीच सांगते: अर्ज जरूर भरा. पण ‘मुलींची’ आणि ‘स्टेम’ या दोन शब्दांवर भाळून प्रवेश पक्का करू नका. त्या शाळेत अकरावीला भौतिकशास्त्र कोण शिकवतं, ती व्यक्ती किती वर्षं तिथे आहे आणि प्रयोगाच्या तासाला सामान कोणाच्या हातात असतं, हे बघितल्याशिवाय तर मुळीच नको.

चार्टर म्हणजे काय ते आधी, कारण बाबांची पहिली शंका तिथूनच येते. ही शाळा सार्वजनिकच असते. खर्च करदात्यांच्या पैशातून होतो, फी घेता येत नाही, विशेष गरजा असलेल्या मुलांना टाळता येत नाही. चालवतं मात्र एक स्वतंत्र मंडळ. ते मंडळ आणि मान्यता देणारी संस्था (कुठे शहराचं शिक्षण खातं, कुठे राज्याचं मंडळ, कुठे एखादं विद्यापीठ) यांच्यात जो करार होतो, तो चार्टर. असा कायदा सर्वांत आधी मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते, आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांची निघते तशी. मार्कांचा, ओळखीचा, देणगीचा संबंध नाही. आधीपासून शिकत असलेल्या मुलीच्या बहिणीला बहुतेक ठिकाणी प्राधान्य मिळतं, एवढंच.

आपल्या डोक्यात लगेच अनुदानित शाळा येते: पैसा सरकारचा, व्यवस्थापन संस्थेचं. पण ही तुलना अर्धीच बसते. अनुदानित शाळेत शिक्षक कायम झाला की तो निवृत्तीपर्यंत तिथेच असण्याची शक्यता मोठी. चार्टरचा करार सहसा काही वर्षांचा असतो, पाच वर्षं ही नेहमीची मुदत. मुदत संपली की निकाल, हजेरी, हिशेब सगळं तपासून तो पुन्हा करायचा की नाही ते ठरतं. पैसा डोक्यामागे मिळतो, म्हणजे पट घटला की शाळेचं उत्पन्न त्याच वर्षी घटलं. इमारतीसाठी वेगळा पैसा अनेक ठिकाणी मिळत नाही किंवा अपुरा मिळतो, म्हणून कितीतरी चार्टर शाळा चर्चच्या जुन्या शाळेत किंवा रिकाम्या झालेल्या कार्यालयात भरतात. पटांगण नाही, जिम नाही, आणि प्रयोगशाळेत गॅसची लाइन नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. दर्जा वाईटच असतो असं नाही. काही शाळा अप्रतिम असतात, काही अगदीच कच्च्या, आणि शेजारच्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्यामुळे ‘चार्टर चांगल्या की वाईट’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ही शाळा कशी, एवढंच विचारता येतं.

तुमच्या हुजूरपागेच्या ओढीबद्दल इथेच बोलते, कारण मीही मुलींच्याच शाळेत शिकले आणि ती ओढ मला कळते. पण हुजूरपागा १८८४ पासून उभी आहे. आजी, आई, लेक एकाच शाळेत शिकल्या अशी घरं पुण्यात किती आहेत! अमेरिकेत मुलींच्या सार्वजनिक शाळांची अशी परंपरा फार थोड्या ठिकाणी टिकली. १९७२ च्या टायटल नाइन या कायद्यानंतर (सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभावाला बंदी घालणारा हा कायदा) तर त्या अगदीच कमी झाल्या. नवी लाट आली ती १९९६ पासून, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये ॲन रुबेनस्टाइन टिश यांच्या पुढाकाराने मुलींची सार्वजनिक शाळा सुरू झाली तेव्हापासून. ती चार्टर नव्हती, शहराचीच शाळा होती. मुलांना वगळलं म्हणून नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या हक्कांच्या संघटनांनीही तिच्याविरुद्ध तक्रार केली होती. त्यामुळे बाबांची दुसरी शंका मुळीच वेडगळ नाही.

कायद्याची बाजू अशी. त्याच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाच्या सरकारी लष्करी महाविद्यालयाला मुलींना प्रवेश द्यायला लावलं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निकाल लिहिला. त्याचा मथितार्थ असा की लिंगावरून वेगळं वागवायचं तर सरकारकडे फार भक्कम कारण हवं, आणि ‘बायकांना हे झेपत नाही’ छापाचे समज हे कारण होऊ शकत नाही. मग २००६ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने टायटल नाइनचे नियम बदलले आणि काही अटींवर फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलांच्या सार्वजनिक शाळांना वाट मोकळी केली. एरवी शहराच्या शिक्षण खात्याला वगळलेल्या मुलांसाठी साधारण त्याच तोडीची शाळा दाखवावी लागते. पण जी चार्टर शाळा राज्याच्या कायद्यानुसार स्वतःच एक स्वतंत्र शालेय जिल्हा (म्हणजे शहराच्या शिक्षण खात्यासारखा वेगळा कारभार) मानली जाते, तिला या अटीतून सूट आहे. म्हणून या शाळा चार्टरच्या रूपात जास्त दिसतात. आणि चार्टर आहे म्हणून संविधान बाहेर ठेवता येत नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका चार्टर शाळेने मुलींना स्कर्टची सक्ती केली होती. अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ती रद्द ठरवली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तुमच्या शाळेचा गणवेश बघाल तेव्हा हे लक्षात ठेवा. प्रयोगाच्या तासाला पँट घालता आली पाहिजे.

आता शिकागोचं उदाहरण, कारण तुमच्या प्रश्नातल्या वर्णनाशी ते अगदी जुळतं. तिथे २००० साली यंग विमेन्स लीडरशिप चार्टर स्कूल सुरू झालं: सातवी ते बारावी, फक्त मुली, भर गणित-विज्ञान-तंत्रज्ञानावर, शहराच्या दक्षिण भागातल्या ब्रॉन्झव्हिलमध्ये. मुली बहुतेक कृष्णवर्णीय, बऱ्याचशा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या. या शाळेतली एक गोष्ट मी माझ्या वर्गात उचलली आणि आजही वापरते. तिथे नेहमीच्या ए-बी-सी-डी श्रेणी नव्हत्या. प्रत्येक विषयाचे घटक पाडलेले, आणि प्रत्येक घटकापुढे तीनच शेरे: उत्तम जमतं, जमतं, अजून नाही. ‘नापास’ हा शेराच नाही. ‘अजून नाही’ मिळालेला घटक मुलगी पुढच्या सत्रात पुन्हा करून दाखवू शकत असे. विज्ञानात हे फार मोलाचं आहे. पहिल्या सत्रात बलांची आकृती न जमलेली मुलगी जानेवारीत ती सहज काढते, पण तोवर तिच्या प्रगतिपुस्तकात डी बसलेला असतो आणि ‘मला फिजिक्स येत नाही’ हे तिने मनाशी पक्कं केलेलं असतं.

ती शाळा २०१९ मध्ये बंद झाली. एकोणीस वर्षं. शिकागोच्या सार्वजनिक शाळांचा एकूण पटच त्या काळात घसरत होता. मी हे घाबरवायला सांगत नाही. पण तुमची मुलगी सहावीत गेली तर बारावीपर्यंत सात वर्षं आहेत, आणि त्या सात वर्षांत तुमच्या शाळेचा करार किमान एकदा तरी नूतनीकरणाला येणार. मागच्या वेळी तो किती वर्षांसाठी मिळाला, काही अटी घातल्या होत्या का, गेल्या तीन वर्षांत पट वाढला की घटला, हे सरळ विचारा. मंडळाच्या सभा बहुतेक राज्यांत सर्वांसाठी खुल्या असतात आणि इतिवृत्त मिळतं. एक संध्याकाळ खर्च करून ते वाचा.

आता वर्गातलं सांगते, कारण खरा फरक तिथे पडतो.

मुला-मुलींच्या शाळेत शिकवत होते तेव्हा चौघांचे गट करायचे. दोन मुलगे, दोन मुली. बॅटरी, वायरी, ब्रेडबोर्ड (भोकांत तारा खोचून सर्किट जोडायची पाटी) समोर आलं की अर्ध्या मिनिटात सामान मुलग्यांच्या हातात आणि प्रयोगवही मुलीच्या. कोणी दांडगाई करत नसे. ‘तुझं अक्षर छान आहे, तू लिही,’ एवढंच. मलाही त्या नेटक्या वह्या आवडायच्या, मी शाबासकीही द्यायची. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की त्या मुली दुसऱ्याने जोडलेल्या सर्किटची आकृती काढत होत्या.

मुलींच्या शाळेत आल्यावर ही वाट बंद झाली. सामान सरकवायला समोर मुलगाच नाही. सातवीतला एक तास अजून डोळ्यांसमोर आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, ३३० ओहमचा रेझिस्टर, एक लाल एलईडी. एका मुलीचा दिवा लागेना. ‘मिस, हा खराब आहे, दुसरा द्या.’ मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे, नाहीतर बोटं आपोआप पुढे जातात. म्हटलं, खराब आहे हे कशावरून? तिने एलईडी उलटा लावून पाहिला. नाही. शेजारणीचा उसना घेतला. नाही. तेवढ्यात तिचं बोट रेझिस्टरला लागलं आणि ती दचकली: ‘हा गरम आहे!’ मग जवळजवळ मिनिटभर ती नुसती बघत राहिली. गरम आहे म्हणजे करंट वाहतोय. वाहतोय तर दिव्यातून का जात नाही? तिने वहीत ब्रेडबोर्डची भोकं काढली, आतून जोडलेल्या पाच-पाच भोकांच्या ओळी पेन्सिलीने जोडल्या, आणि तिला दिसलं की एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचलेत. करंट दिव्याला वळसा घालून निघून जात होता. एक पाय आणि बॅटरीकडे परत जाणारी वायर उचलून पलीकडच्या ओळीत रोवली आणि दिवा लागला. वीस मिनिटं गेली यात. माझा त्या दिवसाचा पाठ अर्धाच झाला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पण आता दुसरी बाजू, जी अशा शाळांच्या माहितीपत्रकात छापत नाहीत. मुलगे नाहीत म्हणून कामाची विभागणी आपोआप समान होत नाही. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले की ऑक्टोबरपर्यंत तीच जुनी घडी परत बसते. चौघींतल्या दोन धीट मुली जोडणी करतात, उरलेल्या दोघी पोस्टरला रंग देतात. ज्या मुलीला घरी कोणी कधी पाना-पक्कड हातात दिली नाही, ती इथेही मागेच सरकते. म्हणून माझ्या वर्गात भूमिका फिरत्या असतात. जोडणारी, मोजणारी, लिहिणारी, शंका काढणारी, आणि दर तासाला पाळी बदलते, कुरकुर झाली तरी. शिक्षिकेने हे ठरवून केलं नाही तर मुलींची शाळा असूनही निम्म्या मुली नुसत्या बघत बसतात.

संशोधन काय म्हणतं, हेही तुम्हाला हवं असेल. २०१४ मध्ये २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांचा, एकत्र आढावा निघाला. ज्या अभ्यासांत मुलांची घरची परिस्थिती आणि आधीची तयारी नीट लक्षात घेतली होती, त्यांत मुलींच्या वेगळ्या शाळांचा फायदा नगण्य दिसला. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये हायस्कूलचे प्रवेश बराच काळ चिठ्ठ्यांसारखे, न निवडता होत. तिथे मुलींच्या आणि मुलांच्या वेगळ्या शाळांत परीक्षेतले गुण थोडे बरे दिसले, पण मुलींचा विज्ञान-अभियांत्रिकीकडे ओढा वाढला असं ठामपणे दिसलं नाही. त्रिनिदादमध्ये २०१० साली निकाल कमकुवत असलेल्या वीस माध्यमिक शाळांत मुलगे आणि मुली वेगवेगळे केले, तिथे मुलगे-मुली दोघांचेही निकाल सुधारले. हे सगळं आणि माझी तेरा वर्षं शेजारी ठेवली तर मला एवढंच म्हणावंसं वाटतं की मुलींची वेगळी शाळा एक अडथळा दूर करते. भौतिकशास्त्र ती शिकवत नाही. ते शिक्षकच शिकवतो. आणि जिद्दीने अर्ज भरणाऱ्या, सोडतीच्या तारखा पाळणाऱ्या घरांतल्या मुली कुठेही थोड्या पुढेच असतात. त्यामुळे शाळेच्या आकड्यांतला किती वाटा शाळेचा, हा प्रश्न मनात असू द्या.

आकड्यांवरून आठवलं. ‘आमच्या इतक्या मुली स्टेममध्ये गेल्या’ असं कोणी सांगितलं की पुढचा प्रश्न विचारा: कोणत्या स्टेममध्ये? अमेरिकेत जीवशास्त्राच्या पदवीधरांत मुली निम्म्याहून जास्त आहेत. संगणकशास्त्रात साधारण पाचात एक, आणि १९८४ च्या सुमारास हेच प्रमाण ३७ टक्के होतं, म्हणजे तिथे मागे येणं झालं आहे. भारतात विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदवीधरांत मुली ४० टक्क्यांच्या वर आहेत. पुण्यात कॉम्प्युटर शाखेची मुलगी दिसली तर कोणी वळून बघत नाही. तुमच्या मुलीने ते वातावरण लहानपणी पाहिलं आहे. इथे सहावी-सातवीत तिला हळूहळू कळेल की ‘कोडिंग मुलग्यांचं’ असतं. हे कोणी शिकवत नाही, हवेतच असतं. त्या नेमक्या तीन-चार वर्षांत, अकरा ते चौदा, मुलींची शाळा सर्वांत जास्त कामाची, असं माझं स्पष्ट मत आहे. नववीनंतरचं पारडं मात्र दुसरीकडे झुकू शकतं.

त्याचं कारण शाळेचा आकार. या शाळा लहान असतात, एका इयत्तेत साठ-सत्तर मुली. सहावीत ते सुखाचं वाटतं, सगळे शिक्षक तिला नावानिशी ओळखतात. अकरावीत मात्र कॅल्क्युलससाठी आठच मुली निघाल्या तर वर्ग भरेलच असं नाही. भौतिकशास्त्राचा शिक्षक एकच असतो. आमच्या शाळेत एका वर्षी तो जानेवारीत सोडून गेला. जूनपर्यंत बदली शिक्षक येत राहिले, त्यांतल्या कोणाचाही विषय भौतिकशास्त्र नव्हता. अकरावीच्या मुलींनी पाच महिने संगणकावर प्रश्नपत्रिका सोडवल्या. त्यांतल्या एकीला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं होतं. तिला तोच विषय पुढे कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) पहिल्यापासून करावा लागला. भिंतीवर अंतराळवीर स्त्रियांची चित्रं होती, थ्रीडी प्रिंटर होता, आणि शिकवायला माणूस नव्हतं. हे मला अजून सलतं. म्हणून तुम्ही विचारा: एपी फिजिक्स आणि एपी कॅल्क्युलस (एपी म्हणजे शाळेतच शिकवलेले कॉलेजच्या पातळीचे विषय) दरवर्षी होतात का, मागच्या वर्षी कोणी शिकवले, किती मुली बसल्या? इथे न होणारा विषय जवळच्या कॉलेजात करता येतो का, आणि तिथवर जायची सोय कोण करतं? गेल्या वर्षीच्या शिक्षकांपैकी किती जण यंदा आहेत? शेवटच्या प्रश्नावर मुख्याध्यापिका चटकन आकडा सांगत असतील तर ते चांगलं लक्षण आहे. त्या विषय बदलू लागल्या तर तेही ध्यानात घ्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मराठी पालक मला हळू आवाजात विचारतात: ‘तिथे आपल्या मुली किती?’ बहुतेक वेळा दोन-चार. अशा बहुतेक शाळा शहराच्या मध्यवस्तीत, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलींसाठी मुद्दाम काढलेल्या असतात. माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थिनी याच घरांतल्या होत्या. लहान भावंडांचं आवरून, दोन बस बदलून त्या रोबोटिक्ससाठी शनिवारी सकाळी आठला हजर असायच्या. तुमच्या मुलीला अशा मैत्रिणी मिळाल्या तर ती भाग्याची गोष्ट आहे. आणि वर्गात सगळेच अनोळखी असतील या भीतीने शाळा सोडू नका. दिवाळीच्या फराळाचा डबा तिने नेला की तो मधल्या सुट्टीतच संपतो, चकल्या आधी.

बाबांची तिसरी शंका: पुढे मुलांत बुजेल का? कॉलेजात गेलेल्या माझ्या मुली पत्र-फोन करतात त्यावरून सांगते. पहिले काही आठवडे धक्का बसतो. गटात कोणीतरी सामान ओढून घेतं आणि यांना ते नवीनच असतं. पण ज्यांनी सात वर्षं स्वतः जोडलं, बिघडवलं, दुरुस्त केलं, त्या ‘थांब, माझं झालं नाही’ म्हणतात. ज्यांनी फक्त पोस्टर रंगवलं, त्या तिथेही बुजतात. शिवाय तुमची मुलगी काही मठात राहणार नाही. पोहणं, संगीत, मराठी शाळा, मंडळाचा गणपती, सगळीकडे मुलगे आहेतच.

आता पुढे काय करायचं. अर्जाची मुदत शाळेला फोन करून आजच विचारा, ती प्रत्येक शहरात वेगळी असते, आणि त्या जिल्ह्यात राहत असल्याचा पुरावा तयार ठेवा. अर्ज भरला म्हणजे बांधले गेलो असं नसतं. सोडतीत नाव आलं तरी जागा नाकारता येते, प्रतीक्षायादीतून उन्हाळ्यात बोलावणंही येतं. घराजवळच्या सरकारी शाळेतली जागा तोवर सोडू नका, आणि तिथली प्रयोगशाळाही एकदा पाहून या, कारण तुलना तिच्याशी आहे. स्कूल बस नसेल तर हिवाळ्यात सकाळी साडेसातला कोण सोडणार, हे दोघांनी बसून ठरवा.

ओपन हाउसला, म्हणजे पालकांना शाळा दाखवायच्या दिवशी, जाऊन या, पण त्यावर विसंबू नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा सजतात. मुलीला एक पूर्ण दिवस एखाद्या विद्यार्थिनीबरोबर वर्गात बसू देता का, असं विचारा. बऱ्याच शाळा देतात. प्रयोगाचा तास असलेला वार मागून घ्या. संध्याकाळी ती घरी आली की शाळा आवडली का हे लगेच विचारू नका. आज कशाकशाला हात लावलास, काय बिघडलं आणि ते कोणी नीट केलं, एवढं विचारा आणि तिला सांगू द्या.